कच्चं खत

११ फेब्रुवारी

आज ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर येऊन सगळ्यांना जाहीर केलं की खत तयार आहे.

खरं म्हणजे मधे अजून कोमट लागत होतं. गोठ्यात गाईखाली पसरलेल्या गव्हाच्या काडातल्या काही काड्या अख्ख्या हाताला लागल्या. वास मात्र छान होता, ओल्या मातीसारखा. थंडीत एकदा ढीग उलथायचा राहून गेला, पाठ धरली होती म्हणून. पण आता थांबायला वेळ कुठे आहे? बेबीचे वाफे येत्या महिन्यात लागायलाच हवेत.

नणंदबाईंनी चाळिशी ओलांडली तरी घरात त्या बेबीच. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा दोन बॅगा आणि एक शिवणयंत्र एवढंच बरोबर होतं. ह्यांनी तिला मागच्या दोन खोल्या दिल्या आणि ओढ्याकाठची पट्टी दिली. ती तिथे टोमॅटो आणि घेवडा लावणार आहे. गावातल्या खानावळवाल्यांनी सगळा माल घ्यायचं कबूल केलंय. "वहिनी, दादाच्या ताटात जेवायचं ते या पिकापर्यंत. नंतर मी माझं बघीन," असं ती हसत म्हणते, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नसतं.

मीच तिला म्हटलं, विकतचं काही घालू नकोस, माझं खत घाल. सगळ्या भाजीला माझा हा ढीग पुरेल आणि वरच्या मक्यालाही.

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, "बेबीला गोठ्यातल्या काडाचं नको देऊ. जुन्या खड्ड्यातलं पाल्याचं दे."

मला लागलंच ते. "माझ्या खतावर विश्वास नाही का?" असं विचारलं. हे म्हणाले, "तसं नाही." मग कसं, ते काही सांगितलं नाही. मी ताट उचलून निघून आले. पाल्याचं खत आहे दोन पाट्या, त्यात काय होतंय?

२ मार्च

खत पसरून झालं. बेबी आणि मी मिळून. तिनं फावडं असं धरलं होतं जणू कुणी हिसकावून नेईल. मी तिला मातीत मिसळायचं कसं ते दाखवलं आणि बरंच शहाणपण शिकवलं. मातीतले जीव, गांडुळं, पाणी धरून ठेवणं वगैरे. विकतच्या दाणेदार खतानं पीक पळतं पण माती दमते, हे माझं नेहमीचं वाक्यही झालं. ती मन लावून ऐकते. शाळेत असताना माझं इतकं कुणी ऐकलं नाही.

हे गोठ्याशी उभे राहून बघत होते. हात लावायला आले नाहीत.

वरच्या शेतालाही गेलं. माझ्या स्वयंपाकघरामागच्या वाफ्याला मात्र घातलं नाही. उरलं नाही. म्हणजे उरलं होतं चार पाट्या, पण कंटाळा आला.

२० मार्च

रोपं लागली. दरवर्षीसारखी रोपवाल्या मावशींकडूनच आणली. त्यांची रोपं म्हणजे बुटकी, जाड मानेची, हातात घेतली की बरं वाटावं अशी. मावशींनी बेबीला दोन ट्रे वरून दिले. "पहिलं पीक आहे ना, मग असू दे." माझ्या वाफ्यासाठी मीही त्यातलीच डझनभर उचलली.

गेल्या वर्षी आईच्या पायाच्या ऑपरेशनमुळे मी ऐन जानेवारीत तिकडे अडकले होते. तेव्हा गहू ह्यांनी एकट्यानं सांभाळला. परत आले तर शेतात औषधाला तण नाही. आज मी बेबीला ते कौतुकानं सांगत होते की तुझ्या दादानं एकट्यानं एवढं खुरपलं. हे म्हणाले, "चहा टाकतेस का?" कौतुक केलेलं ह्यांना कधी सोसलं नाही.

७ एप्रिल

सकाळीच बेबी दारात. "वहिनी, जरा येतेस?"

घेवड्याची नवी पानं नीट उलगडलीच नाहीत. चुरगळलेल्या कागदासारखी, कडा आत वळलेल्या. टोमॅटोचे शेंडे तर पिळल्यासारखे झालेत, पानं दोरीसारखी बारीक. पिवळी नाहीत, सुकलेली नाहीत. नुसती वेडीवाकडी. एक ओळ नाही, सगळी पट्टी.

बेबी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "रोपंच रोगट निघाली असणार."

हे मी का म्हटलं? पटकन तोंडातून गेलं. पण गेल्यावर ते बरं वाटलं हेही खरं.

९ एप्रिल

आज बाजारात बेबी मावशींच्या टेबलासमोर उभी राहून बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर लोकांनी दुर्लक्ष केलं असतं. ती हातात उपटलेलं रोप घेऊन एवढंच म्हणाली, "मावशी, माझं सगळं यावर होतं."

मावशींनी रोप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हा रोग मी पाहिला नाही कधी. माझ्याकडचं नाही हे."

"मग कुठलं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीतल्या भोपळी मिरच्या बघत होते. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईनं हातातला ट्रे हळूच खाली ठेवला. मग दुसऱ्या एकानंही ठेवला. आम्ही निघेपर्यंत टेबलासमोर कुणी नव्हतं.

घरी येताना बेबी म्हणाली, "तू होतीस म्हणून धीर आला."

१५ एप्रिल

मका बघावा तर काय. इतका काळाभोर मी आजवर पाहिला नव्हता. शेजारचे दूधवाले कुंपणापाशी थांबून म्हणाले, "वहिनी, तुमच्या खतानं कमाल केली. पुढच्या खेपेला आम्हालाही द्या." ह्यांच्या शेतातल्या पिकाचं कुणी मला श्रेय दिलं तर मी एरवी चारचौघांत मिरवलं असतं. आज "बघू" म्हणून आत आले.

कारण काल संध्याकाळी बेबी मीठ मागायला आली आणि मागच्या दारात थबकली.

"तुझे टोमॅटो बरे दिसतायत गं."

"हो, ठीक आहेत."

"रोपं तीच ना?"

"माझी वेगळ्या ट्रेमधली," मी म्हटलं.

ती मीठ घेऊन गेली. ट्रे तोच होता. पाणी तेच, मावशी त्याच, लावणारे हातही तेच. फरक एकच आहे.

इथे तरी खरं लिहिते. माझ्या वाफ्याला खत घातलं नाही ते कंटाळ्यानं नाही. आतून कोमट लागलं होतं म्हणून घातलं नाही. माझ्या डझनभर रोपांसाठी जो विचार केला तो तिच्या सगळ्या पट्टीसाठी केला नाही. तिला "तयार आहे" म्हणून सांगून मोकळी झाले होते आणि शब्द मागे घ्यायची लाज वाटली.

२१ एप्रिल

उरलेल्या चार पाट्यांतलं खत चार पेल्यांत भरलं, दुसऱ्या चारांत पाल्याचं खत. सगळ्यांत घेवडा टोचला आणि खिडकीत ठेवून दिले. दोन पेल्यांत मक्याचा दाणाही टाकला.

ह्यांनी विचारलं, "हे कशाला?"

"बघते, खत कच्चं राहिलंय का ते."

ह्यांनी एक पेला उचलून वास घेतला. मग म्हणाले, "कच्चं नसेल." मला वाटलं होतं की हे रागावतील. उलट माझी बाजू घेतली. ते आणखीनच जड गेलं.

हल्ली हे बेबीकडे रोज काही ना काही घेऊन जातात. परवा दूध, काल तिचा नळ दुरुस्त केला, आज तिच्या दाराला रंग. बहिणीचं नुकसान माझ्यामुळे झालं हे ह्यांनी ओळखलंय आणि माझ्या वाटचं भरून देतायत. तोंडानं एक शब्द बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

५ मे

पेल्यांतलं उत्तर आलं. पाल्याच्या खतात घेवडा सरळ, पसरट पानांचा. माझ्या खतात तोच वेडावाकडा. मका मात्र दोन्हीकडे झकास. म्हणजे मक्याला कच्चं खत चालतं, घेवड्याला नाही, असं मी समजले.

दुपारी बेबीला बोलावून पेले समोर ठेवले. हेही टेबलाशी होते. मी सांगितलं की रोपं चांगली होती. खत कच्चं होतं, मला शंका होती, तरी मी तुला दिलं आणि माझ्या वाफ्याला घातलं नाही. वेगळा ट्रे नव्हता.

बेबीनं एक पेला उचलला, वळलेल्या पानावरून बोट फिरवलं. "मी मावशींना चारचौघांत बोलले, वहिनी."

"हो."

"आणि तू शेजारी उभी होतीस."

"हो."

हे ताडकन उठले, खुर्ची मागे पडली. ती तशीच सोडून बाहेर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी एवढी लाज ह्यांना कधी वाटली नसेल.

बेबीनंच खुर्ची उचलली. जाताना विचारलं, "आता माती कधी बरी होईल?" मी म्हटलं, "एव्हाना मुरलं असेल सगळं. आठवडाभर उन्हात पलटून ठेव, मग परत लाव." खानावळवाले उशिराचा माल घ्यायला तयार आहेत म्हणे.

संध्याकाळी मावशींच्या मागच्या दारी जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेबीला म्हणावं, ट्रे घेऊन जा. उरलेत भरपूर, हल्ली खपत नाहीत." एवढंच. मला शिव्या हव्या होत्या.

८ मे

काय लिहू, कुठून लिहू.

शेती कार्यालयातले सल्लागार मका बघायला आले होते. जाताना मी त्यांना ओढ्याकाठी नेलं, म्हटलं, कच्च्या खतानं काय होतं तेही बघा. ते उकिडवे बसले, कडेला उरलेलं एक रोप उपटून मुळं पाहिली, शेंडा पाहिला.

"हे कच्च्या खतानं होत नाही. त्यानं पिवळी पडतात, खुरटतात. असा पीळ पडतो तो तणाच्या औषधानं. रुंद पानांचं तण मारणारं एक औषध असतं, गव्हात मारतात. गहू-मक्याला काही करत नाही, पण काडात राहतं. ते काड गुरांखाली घातलं, खाऊ घातलं, शेणात आलं, कुजवलं, तरी लवकर जात नाही. घेवडा, टोमॅटो, वाटाणा यांना लागलीच कळतं."

"आमच्या शेतात औषध येत नाही," मी म्हटलं. "काड आमचंच आहे. वाटलं तर ह्यांना विचारा."

हे पाईप धरून उभे होते. पाणी एकाच जागी सांडत होतं, तिथे डबकं झालं होतं. सल्लागारांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "बाहेरून वाऱ्यानंही येतं कधीकधी." समजूतदार माणूस. आम्हा दोघांनाच सोडून निघून गेले.

मी अजूनही दूधवाल्यांच्या शेताकडे बघत वारा कुठून येतो याचा विचार करत होते. इतकी मी मूर्ख.

"मी मारलं," हे म्हणाले. "तू आईकडे होतीस तेव्हा. तण गुडघ्याला लागलं होतं. एकट्याच्यानं होईना."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस, आमच्याकडे एक थेंब नाही. तुला तोंडघशी कसं पाडायचं?"

"बाटलीवर लिहिलं नव्हतं?"

"होतं. काड खताला वापरू नये म्हणून." मग हळूच म्हणाले, "म्हणून तर म्हटलं होतं, बेबीला पाल्याचं दे."

म्हटलं होतं. आणि मी ताट उचलून निघून गेले होते. ह्यांनी मागे येऊन एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि मी थांबून एक वाक्य ऐकायला हवं होतं.

"बेबीला मी सांगतो," हे म्हणाले. "थोडा वेळ दे. तिला माझ्याशिवाय कोण आहे? मीच असं केलं म्हटलं तर ती इथे राहील कशी?"

मी दिला वेळ.

१० मे

हे रोज सकाळी बेबीकडे जातात आणि तसेच परत येतात. आज तिच्या छपराचा पत्रा ठोकून आले.

लिहायची लाज वाटते पण ह्यांनी सांगितलं त्या क्षणी मला हलकं वाटलं होतं. जीव भांड्यात पडला. म्हणजे मी नाही. माझा ढीग चांगलाच होता. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. सकाळी उठल्यावर कळलं, मावशींवर ढकलल्यावरही मला असंच बरं वाटलं होतं.

आणि आता निमित्त शोधणं चाललंय. हे सांगणार आहेत, मग मी कशाला? भावाबहिणीतली गोष्ट आहे. बेबीनं पट्टी पलटून ठेवलीय, मावशींकडून ट्रे आणलेत, उद्या लावणार. मी सांगितलं होतं ना, आठवडाभरात बरी होईल. माझ्याच शब्दावर ती दुसऱ्यांदा लावणार आहे.

११ मे

सकाळी उठले तर हे घरात नव्हते. म्हटलं, गेले वाटतं सांगायला. बाहेर पाहिलं तर गोठ्यात, गाईला पाठ टेकून बसलेले. हातात काही काम नाही.

"आलात जाऊन?"

मान हलवली, नाही म्हणून.

मी चपला घातल्या आणि ओढ्याकडे निघाले. बेबीची अर्धी ओळ लावून झाली होती. एकेक रोप बोटांनी दाबून बसवत होती, आईनं बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं.

"बेबी, थांब."

तिनं वर पाहिलं. आता इथून पुढे कसं बोलायचं हे मी वाटेत ठरवलं होतं. ते सगळं विसरले. "ही मातीच बरी नाही अजून," एवढं म्हटलं.

"तूच म्हणालीस ना?"

"चुकलं माझं. ते कच्चं नव्हतं. त्यात..." आणि माझी गाडी अडली. ह्यांचं नाव घेतलं की बहिणीच्या डोळ्यांत काय होईल ते बघवणार नव्हतं, आणि नाही घेतलं तर पुन्हा सगळं माझ्या नाहीतर आणखी कुणाच्या गळ्यात.

मागून ह्यांचा आवाज आला. माझ्या पाठोपाठ आले असावेत, मला कळलं नाही.

"बेबी, मी गव्हात औषध मारलं होतं. गेल्या वर्षी. ते काडात राहिलं. खतात ते काड होतं, आणि मला माहीत होतं."

बेबीनं खाली बघून पुढचं रोप लावलं. मग त्याच्या पुढचं. आम्ही दोघं उभे. ओळ संपेपर्यंत तिनं लावत नेलं. संपल्यावर वळली आणि पहिल्या रोपापासून एकेक करून परत काढायला लागली, मुळांची माती न सांडता, पुन्हा ट्रेमध्ये. हे मदतीला वाकले तर तिनं ट्रे दुसऱ्या बाजूला घेतला.

सगळी काढून झाल्यावर तिनं मला विचारलं, ह्यांना नाही.

"तुला कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस," ती म्हणाली. "काल तू माझ्याकडे चहा प्यायलीस."

१४ मे

बाजारात मावशींच्या टेबलाजवळ उभी राहिले. मागच्या दारी मागितलेली माफी मागच्या दारीच राहते. थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की यांची रोपं उत्तम आहेत, आमच्या घरचं खत बाधलं, तणाचं औषध होतं त्यात. शेवटी मावशी म्हणाल्या, "पुरे आता. रोग आणि औषध ऐकून गिऱ्हाईक बिचकतंय. बोलायचं थांब आणि ट्रे उचलून दे." दिवसभर ट्रे उचलले. दुपारनंतर त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली.

२ जून

पट्टीत हे मका लावतायत. तिथे भाजी आणखी एखादं वर्ष तरी नाही, असं सल्लागारांनी सांगितलंय. ढिगाचं उरलेलं खत फक्त वरच्या शेतात जाईल. दूधवाल्यांना का देता येणार नाही ते ह्यांनी स्वतः कुंपणापाशी जाऊन सांगितलं. मी खिडकीतून बघितलं. बराच वेळ लागला ह्यांना.

माझा स्वयंपाकघरामागचा वाफा बेबीला दिला. देते म्हटल्यावर तिनं आभार वगैरे मानले नाहीत, दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन आली आणि अंगणाची आणखी दोन हात जागा खणून त्यात घेतली. मावशींची रोपं तिथे आहेत. माझ्या डझनभर रोपांचे टोमॅटो पिकायला लागलेत, पहिली पाटी तिनं खानावळीत पोचवली. पाटी लहान होती, तरी स्वतः घेऊन गेली.

दादाशी ती बोलत नाही. त्यांच्या हातचं दूध आता घेत नाही, स्वतः येऊन काढून नेते. हे गोठ्याचं दार तिच्यासाठी उघडं ठेवतात आणि तेवढ्या वेळापुरते बाहेर जातात. परवा मी म्हटलं, थांबा तिथेच, किती दिवस पळाल? काल थांबले. ती आली, दूध काढलं, गेली. हे म्हणाले, "बोलली नाही." मी म्हटलं, "दारातून परत तरी नाही ना फिरली."

माझ्याशी कामापुरतं बोलते. आज वाफ्यात वाकल्या वाकल्याच म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षीच्या ढिगात काय काय घालायचं?"

मी सांगितलं. पाला, गवत, घरातलं ओलं, गाईचं शेण. शेण आणि काड घ्यायचं ते आधी पेल्यात घेवडा लावून बघून.

"कधी लावणार ढीग?"

"या आठवड्यात."

"मला बोलव," ती म्हणाली. "काय काय पडतंय त्यात ते मी उभी राहून बघणार आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. म्हटलं, "बोलवते."